बुधवार बंद

आमच्या दुकानाबाहेर 'दर बुधवारी दुकान बंद राहील' अशी पाटी लागली, तेव्हा शेजारच्या चाव्यावाल्याने ती दोनदा वाचली आणि हळूच मला विचारलं, "वहिनी, मास्तर बरे आहेत ना?" म्हणजे बघा. एकतीस वर्षं आमचं दुकान इतकं नेमाने उघडं राहिलं, की ते बंद राहणार म्हटल्यावर लोकांना पहिल्यांदा दवाखानाच आठवला.

मास्तर म्हणजे माझे मिस्टर. शिंपी. अख्खी गल्ली त्यांना मास्तर म्हणते, मी 'अहो' म्हणते. फक्त मला राग आला की मीसुद्धा मास्तर म्हणते. गेले आठ महिने मी त्यांना मास्तरच म्हणत होते.

पाटी लागली ती वकिलांच्या कोटामुळे. वकील आमचं जुनं गिऱ्हाईक. ट्रायलला आले, कोट अंगात घातला, आरशासमोर उभे राहिले आणि ऐटीत उजवा हात पुढे केला. हात पुढे आला, बाही मागे गेली. त्यांनी पुन्हा करून पाहिलं, पुन्हा तेच. मी जवळ जाऊन शिवण बघितली. मास्तरांनी दोन्ही बाह्या डाव्या कापल्या होत्या! एक बाही कापून झाली की दुसरीसाठी पॅटर्न पालथा करून ठेवायचा, हे शिकाऊ पोराला पहिल्या आठवड्यात सांगतात. बरं, कापल्या तर कापल्या. वर जोडल्या, आत अस्तर लावलं, कडक इस्त्रीसुद्धा मारून ठेवली. एवढं सगळं करताना या माणसाचं लक्ष कुठे होतं, देव जाणे.

"मास्तर," वकील म्हणाले, "कोर्टात मला उजवा हातही लागतो हो."

मास्तरांनी कोट काढून घेतला, बाही उसवायला बसले.

माझा जीव इथेच टांगणीला लागला होता. चूक काय, माणसाकडून होते. पण पूर्वीचे मास्तर असते ना, तर ताडकन म्हणाले असते, "वकीलसाहेब, तुम्ही आयुष्यभर एकाच बाजूने बोलता, मग बाह्या एकाच बाजूच्या झाल्या तर बिघडलं कुठे?" आणि दुकान हसलं असतं, वकील सगळ्यांत जास्त. आमच्याकडे काज-बटणं करणारी बाई आहे, ती पूर्वी सारखी ओरडायची, "मास्तर, थांबा हो, हसता हसता सुई बोटात जाईल माझ्या!" असा बोलका माणूस. गिऱ्हाईक दाराबाहेर पडायचा अवकाश, की त्याची चाल, त्याचा आवाज, त्याचं पोट आत ओढून माप देणं, सगळं हुबेहूब करून दाखवायचे. आता आठ महिने दुकानात नुसता मशीनचा आवाज. सकाळी सहाला खाली जायचे, जेवायला वर यायचे, ताटाकडे बघून जेवायचे, की पुन्हा खाली.

पाटी लागायच्या आठ महिने आधी दादा गेले. दादा म्हणजे यांचे थोरले भाऊ. बसने चार तासांवर राहायचे, पोस्टातून रिटायर झालेले, एकटेच. आईवडील लवकर गेले, तेव्हा दादांनीच यांना वाढवलं. ते गेले तेव्हा हे दोन दिवस जाऊन आले, तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला कटिंग टेबलवर हजर. रडले नाहीत. दादांचं नावसुद्धा तोंडातून काढलं नाही. मी एकदोनदा विषय काढला तर म्हणाले, "त्या निळ्या कापडाला पाणी दाखवलंस का? शिवल्यावर आटेल."

आता एक गोष्ट सांगते, ती मी कोणाला सांगितली नव्हती. दादा जायच्या दोन आठवडे आधी त्यांचा घरी फोन आला होता. मी घेतला. ऐन युनिफॉर्मचा सीझन, शाळा उघडायला बारा दिवस, घरात जिन्यापर्यंत चड्ड्यांचे गठ्ठे. दादा म्हणाले, "दोन दिवस या दोघं. काम काही नाही गं, नुसतं बसू." आणि मी म्हटलं, "दादा, एवढा सीझन संपू दे, येतोच." फोन ठेवला आणि गठ्ठे मोजायला लागले. यांना सांगायचं राहून गेलं. राहून गेलं असं मी स्वतःला सांगते. खरं म्हणजे सांगितलं असतं तर हे गेले असते, म्हणून सांगितलं नाही. आणि नंतर कुठल्या तोंडाने सांगणार?

तेव्हा मला काय हवं होतं ते स्पष्टच सांगते. मला माझा बोलका नवरा परत हवा होता. आणि तो बोलायला लागला, दादांचा विषय निघाला, तर मला तो फोन सांगावा लागणार, याची धडकीही भरली होती. हे दोन्ही पोटात घेऊन मी पाटी रंगवून आणली. विचारलं कोणालाच नाही. विचारलं असतं तर पाटी लागली असती का?

पहिल्या बुधवारी मास्तर सवयीने सहाला उठले, आवरून जिना उतरले आणि कुलूप बघून परत वर आले. मी दारातच उभी होते. म्हटलं, "या. आज विश्रांती."

"कशाची?"

"कशाची म्हणजे? मनाची!"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी त्यांना न शिवलेल्या कापडाचा शर्ट घालायला सांगितलाय. पण बसले बिचारे. तासाभराने बघते तर खिशातून टेप काढून खिडकीचं माप घेत होते. टेप मी काढून घेतली. दुपारी उशीचे अभ्रे उलटे करून शिवणी तपासत होते. अभ्रे काढून घेतले. संध्याकाळी फारच शांतता वाटली म्हणून डोकावले, तर स्वारी दारातल्या पायपुसण्याला पट्टी लावत बसलेली, तीसुद्धा सुबक, दुहेरी टीप घालून. अहो, पायपुसणं! सुई, दोरा, अंगुस्तान, सगळं जप्त करून मी कपाटात टाकलं आणि किल्ली माझ्याकडे ठेवली.

मग माझ्या लक्षात आलं, की यांना विश्रांती येत नाही. शिकवायला हवी. आणि शिकवायचं म्हणजे वेळापत्रक हवं. दुसऱ्या बुधवारी मी कागद भिंतीला चिकटवला. सात ते सात वीस, डोळे मिटून शांत बसणे. साडेसात ते आठ, खिडकीबाहेर बघणे. नऊला मनमोकळे बोलणे. अकराला पडून राहणे, पण झोपायचं नाही, कारण झोप दुपारी दोनला लिहिली होती.

सातला हे खुर्चीत डोळे मिटून बसले. मी घड्याळ घेऊन समोर उभी. दहा मिनिटं झाली.

"झालं का शांत?" मी विचारलं.

"होत आलं होतं," ते डोळे न उघडता म्हणाले.

नऊला मी म्हटलं, "चला, बोला."

"काय बोलू?"

"मनातलं."

 मी हातासरशी गॅस पुसून घेत होते, ओट्यावरच्या बाटल्या सरळ करत होते, पण कान त्यांच्याकडेच. शेवटी म्हणाले, "काजवालीला नवा चष्मा लागणार आहे." मी म्हटलं, "हे मनातलं?" ते म्हणाले, "मग बोलायची वेळ संपली की अजून आहे?"

तिसऱ्या बुधवारी त्यांना बागेत नेलं. चांगला बाक बघितला, तो पुसून घेतला, खाली वर्तमानपत्र अंथरलं, डबे काढले, संत्री सोलायला घेतली. समोर तळं, झाडं, पोरं सायकली शिकतायत, अगदी छान. यांची नजर मात्र पलीकडच्या बाकावरच्या माणसाच्या पाठीवर.

"त्याचा डावा खांदा उतरलाय."

"असू दे."

"आतून पातळ पॅड घातलं की झालं. अर्ध्या तासाचं काम."

"मास्तर!"

ते थोड्या वेळाने बाकावरची जागा हाताने झाडत म्हणाले, "बस की तू पण."

"बसते, एवढं सोलून होऊ दे." संत्री झाली, मग साली कुठे टाकायच्या ते बघायला गेले, मग नळावर हात धुवायला, मग डबेही तिथेच विसळून घेतले, म्हणजे घरी गेल्यावर काम नको. परत आले तर यांनी फोडी दोन ढीग करून ठेवलेल्या, एक त्यांचा, एक माझा. त्यांच्या ढिगाला हात लावला नव्हता. मी म्हटलं, "खाल्लं का नाहीत अजून? साडेअकराला निघायचंय." त्यांनी मुकाट्याने खायला सुरुवात केली.

पण काही म्हणा, माणसाला सवय लागते. चौथ्या-पाचव्या बुधवारपर्यंत मास्तर विश्रांतीत तरबेज झाले. सकाळी खिडकीजवळच्या खुर्चीत बसले की खरंच नुसते बसायचे. हात मांडीवर, पाय लांब. ना टेप, ना अभ्रे. मला कोण आनंद झाला! मी त्यांच्या भोवतीने फरशी पुसायची, "पाय उचला," म्हणायची, ते उचलायचे, मी पुढे जायची. बुधवारी दुकान नसल्यामुळे घरातली कितीतरी कामं निघायला लागली. माळे झाले, ट्रंका झाल्या, पंखे झाले. फक्त बोलणं तेवढं होत नव्हतं. माझा धीर सुटत चालला. एवढं सगळं करूनही माणूस तोंड उघडत नाही म्हणजे काय!

एकदा बुधवारीच लेकीचा फोन आला. ती लांब असते नोकरीला. आधी बापाशी बोलली, मग माझ्याशी. म्हणाली, "आई, बाबा म्हणतायत, 'आज बुधवार आहे, तुझ्या आईला विचारून सांगतो मला वेळ आहे का.' तू त्यांना सुट्टी दिलीस की ड्यूटी लावलीस?"

"गप गं. बघ तरी त्यांना, किती शांत झालेत."

"बरं. आणि तुझी सुट्टी कधी असते?"

"माझी कशाला? मी कुठे काम करते?" फोन कान आणि खांद्याच्या मध्ये दाबून, एका हाताने फळी धरून दुसऱ्या हाताने झुरळाचं औषध मारत मी म्हटलं. लेक हसायला लागली. कशाला हसते तेच मला कळलं नाही. रागच आला.

सातवा बुधवार. सकाळचे दहा-साडेदहा झाले असतील. हे खिडकीत. मी स्टुलावर चढून कपाटाच्या वरची धूळ झाडत होते. कपाटावर धूळ नव्हती, कारण मागच्याच बुधवारी झाडली होती. पण असते कुठेतरी.

"उतर खाली," हे म्हणाले.

"झालंच."

"अगं, उतर."

आवाज वेगळा होता म्हणून मी उतरले. फडकं हातात. "काय हवंय? चहा?"

"चहा नको. बस."

"बसते, एवढं फडकं..."

"नाही. आत्ता बस. सहा आठवडे झाले, मी तुला सांगायला बघतोय. दर वेळी तोंड उघडतो आणि तू उभी." ते माझ्याकडे न बघता बोलत होते. "दुकानात मी बसतो, तू काउंटरला वही घेऊन उभी असतेस. मी सांगतो छाती अडतीस, तू लिहितेस अडतीस. तीस वर्षं. आता तू समोर उभी राहिलीस की माझ्या तोंडातून मापंच येतात. उभ्या माणसाशी दुसरं काय बोलायचं गं?"

  मी त्यांच्यासमोरच्या खाटेवर बसले. फडक्याची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. त्यांनी पुढे होऊन ते फडकं माझ्या हातातून काढून घेतलं, अगदी मी टेप काढून घेतली होती तसं, आणि खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून दिलं.

रिकामे हात घेऊन बसणं काय असतं ते मला तेव्हा समजलं. पहिल्या दोन मिनिटांत कामं आठवली. डाळ भिजत घालायची राहिलीय, गच्चीवर चादर आहे. ती कामं संपली आणि त्यांच्या मागे तो फोन उभाच होता. गेले दहा महिने तो तिथेच होता, मी फक्त त्याच्या पुढे काहीतरी धुवायला, पुसायला, झाडायला आणून ठेवत होते. मी यांना विश्रांती शिकवत होते, आणि मला स्वतःला पाच मिनिटं बसायची भीती वाटत होती.

"दादांचा फोन आला होता," मी म्हटलं. ठरवून म्हटलं नाही, आलं बाहेर. "जायच्या दोन आठवडे आधी. दोन दिवस या म्हणत होते. मी सीझनचं सांगितलं. तुम्हाला कळवलंच नाही. कळवलं असतं तर तुम्ही गेला असतात, भेट झाली असती. माझ्यामुळे राहिली तुमची भेट."

 मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघू शकेना, त्यांच्या बोटांकडे बघत राहिले. कात्रीने अंगठ्याला पडलेला घट्टा. मला वाटलं, आता हा माणूस उठेल आणि खाली जाईल, आणि पुन्हा कधी बोलणार नाही.

"मला पण," ते म्हणाले.

"काय मला पण?"

"मला पण आला होता. दुकानात. तुझ्यानंतर दोन दिवसांनी."

मी मान वर करून त्यांच्याकडे बघितलं.

"तोंडात टाचण्या होत्या माझ्या. गिऱ्हाईक उभं होतं पँटची उंची द्यायला. दादा म्हणाला, ये रे, दोन दिवस बसू. मी टाचण्यासुद्धा काढल्या नाहीत तोंडातल्या. तशाच दाताखाली धरून म्हटलं, सीझन संपू दे दादा. त्याला नीट ऐकूसुद्धा आलं नसेल. ज्याने मला आयुष्यात पहिली कात्री घेऊन दिली, त्याच्यासाठी मला चार टाचण्या काढता आल्या नाहीत."

"आणि दादा?" मी कसंबसं विचारलं. "काय म्हणाले?"

"हसला. म्हणाला, घरी विचारलं तर सीझन, दुकानात विचारलं तर सीझन. तुम्हा नवराबायकोंना एकाच ताग्यातून कापलंय का रे?"

मला हुबेहूब दादांचा आवाज ऐकू आला. कारण मास्तरांनी तो तसाच काढला होता, शेवटच्या शब्दावर जरा वर चढणारा. दहा महिन्यांनी त्यांनी कोणाची तरी नक्कल केली होती. मी हसले. खरंच हसले. आणि मग डोक्यात प्रकाश पडला.

"थांबा. म्हणजे मला फोन आला होता, हे तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत होतं."

"दहा महिने?"

"हो."

"आणि मी इकडे रोज मरतेय! मग बोलला का नाहीत?"

"तू बोलशील म्हणून भीती वाटायची," ते म्हणाले. "तू बोललीस की मलाही माझं सांगावं लागलं असतं. म्हटलं, त्यापेक्षा चड्ड्या शिवलेल्या बऱ्या." आणि एवढं बोलून त्यांचा आवाज फुटला. एकसष्ट वर्षांचा माणूस, दोन्ही हात तोंडावर घेऊन असा रडायला लागला, की त्यांचे खांदे खुर्चीच्या पाठीवर आपटत होते. 'दादा, दादा' एवढंच ऐकू येत होतं.

मी झटकन उठले. पाणी आणावं, टॉवेल आणावा, काहीतरी आणावं. त्यांनी न बघताच माझं मनगट धरलं.

"पाणी नंतर. तू बस."

मी बसले. खाट पुढे ओढून त्यांच्या गुडघ्याला गुडघा लावून बसले. ते रडत राहिले आणि मी काही पुसलं नाही, काही आणलं नाही, 'पुरे आता' असंही म्हटलं नाही. थोड्या वेळाने माझंही सुरू झालं. आयुष्यात पहिल्यांदा मी बसून रडले. एरवी माझं रडणंसुद्धा भांडी घासता घासता व्हायचं.